रविवारचं पाणी

"सातव्या ग्रीनवर यंदा जरा मर्डो झालंय," आयला सहज बोलून गेली, आणि तिघांचे चमचे जागच्या जागी थांबले. चौथा चमचा लिनेटचा. तो चालूच होता, कारण त्या बिचारीला काही कळलंच नव्हतं.

"मर्डो झालंय म्हणजे?" तिने विचारलं.

आयलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तावीस वर्षांची पोर, पाच वर्षं इन्व्हरकेल्डीच्या लिंक्सवर, समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावर, ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीचं, गवत राखायचं काम करते, क्लबच्या शेडमधल्या पुरुषांचं एक ऐकून घेत नाही. पण आत्ता तिने आजोबांकडे, फर्करकडे, असं पाहिलं, जणू घरातली काचेची बरणी तिच्या हातून फुटली होती.

"म्हणजे... गवत जळलंय. खत टाकलं आणि वेळेवर पाणी मिळालं नाही की जळतं ना, ते. शेडमध्ये तसं म्हणतात."

"माझ्या बाबांच्या नावाने?"

"सगळेच म्हणतात," आयला म्हणाली. यापेक्षा वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

लिनेट हसली. चांगलं हसली, मनापासून, आणि तेच फर्करला सोसवेना. "बाबा म्हणायचेच," ती म्हणाली, "तिकडे माझं नाव अजून निघत असेल, पण प्रार्थनेत नक्की नाही."

तिने वळून भिंतीलगतच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे चहाची किटली आणि पावाचा डबा यांच्यामध्ये तपकिरी रंगाची एक पेटी होती. पेटीत मर्डो होता. तिकडे न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यात गेला, आणि त्याच्या पोरीने त्याची राख अर्धं जग ओलांडून गुरुवारी या घरात आणली. जेसीने त्याच दिवशी पेटीखाली विणलेला रुमाल घातला. जेसी त्याची आणि फर्करची थोरली बहीण. बावन्न वर्षांपूर्वी मर्डो घर सोडून निघाला तेव्हा ती दारापर्यंतसुद्धा आली नव्हती. आता रुमाल.

फर्करच्या तोंडात थंड मटणाचा घास होता. रविवारी या घरात थंडच जेवण. शनिवारी करून ठेवायचं आणि रविवारी चर्चहून आल्यावर खायचं, ही त्याच्या बापाची, हेक्टर गिलख्रिस्टची शिस्त. बापाला जाऊन तीस वर्षं झाली होती, शिस्त अजून धडधाकट होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लिंक्सचा मुख्य माळी, क्लबच्या दिवाणखान्यात ज्याचा फोटो लागला आहे तो फर्कर गिलख्रिस्ट. त्याला तो शब्द कसा जन्मला ते पक्कं ठाऊक होतं. मर्डो घर सोडून गेला त्याच शरद ऋतूत शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, "अरे, बघा बरं, मर्डो करून ठेवाल." सगळे हसले. फर्कर सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

आणि तेवढ्यावर तो थांबला का? नाही. पुढे मुख्य माळी झाल्यावर कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तो मर्डोची गोष्ट सांगायचा. खताच्या पोत्यावर हात ठेवून सांगायचा. स्वतःच्या नातीलाही त्याने ती सांगितली होती.

"बरं, आजचं ठरवू या," रोना म्हणाली. रोना ही फर्करची मुलगी, आयलाची आई आणि क्लबची सेक्रेटरी. तिला शांतता सहन होत नाही. "लिनेट, मी समितीला दोनदा विचारलं. ग्रीनवर राख नाही म्हणजे नाही. एकाला होकार दिला की उद्या अख्खं गाव रांग लावेल. चौदाव्याच्या मागे वाळूची टेकडी आहे, तिथून समुद्र दिसतो. तिथे चालेल म्हणाले. आज रविवार, खेळ बंद, कुणाला त्रास नाही."

"बाबांना पाळण्यावर, चौदाव्या ग्रीनवरच हवं होतं," लिनेट म्हणाली.

"टेकडी पाळण्याला लागूनच आहे."

"लागून," आयला पुटपुटली.

"आयला, तू यात पडू नकोस. तुझी नोकरी आहे तिथे."

"म्हणूनच पडते. आई, मी रोज सकाळी तिथे होलची जागा बदलते. मुठीएवढी माती निघते, परत बसते. आठ दिवसांत खूण राहत नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," रोना म्हणाली. ती वाईट बाई नाही. तिला नियमाचा आधार लागतो, एवढंच.

लिनेटने हातातला चमचा ताटात नीट आडवा ठेवला. "टेकडी चालेल. भांडू नका माझ्यासाठी. माझी एकच विनंती आहे. तिथे पोचलो की मला दोन वाक्यं बोलू द्या. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. तुमच्या सगळ्यांची माफी मागायची आहे त्यांच्या वतीने. विशेषतः फर्करकाकांची."

फर्कर उठला. "शेडमधून काठी आणतो," म्हणाला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

काठी दाराशीच उभी होती.

परसातल्या शेडमध्ये त्याने दार ओढून घेतलं आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. इथली धरणी नुसती वाळू; ती दुभंगत नाही, ढासळते आणि माणसाला कमरेइतकं रुतवून उघड्यावरच ठेवते. माफी! मर्डो त्याची माफी मागणार होता, तेही पेटीतून.

समोर खिळ्याला बापाचं जुनं लोखंडी नळकांडं टांगलेलं होतं. त्याला दोन दांडे. जमिनीत दाबून पिळलं की गोल माती वर येते आणि ग्रीनवर होल तयार होतो. हेक्टरने ते चाळीस वर्षं वापरलं, मग फर्करने तेवढंच. त्याने ते खाली घेतलं आणि तागाच्या पोत्यात गुंडाळायला लागला. आपण हे का करतोय, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

"रविवारी हत्यार काढतोस?" जेसी दारात उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, सुईसारखी ताठ.

"लोखंडाला गंज चढतो. बघत होतो."

"फर्कर, मला शिकवू नकोस. काय करणार आहेस तू?"

"माहीत नाही."

"मग मी सांगते. काही करू नकोस. पोरगी दोन वाक्यं बोलेल, तू मान हलव, तिला जवळ घे. परवा ती विमानात बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. बावन्न वर्षं झाकलीस, आता उरलीत किती?"

फर्करच्या हातातलं पोतं सुटलं. "काय झाकलं मी?"

जेसी आत आली आणि पालथ्या बादलीवर बसली. "त्या शनिवारची तुझी विजार. घरातलं धुणं माझ्याकडे होतं, आठवतं? पायाच्या दुमडीत पांढरी भुकटी होती. दोन्ही पायांच्या. मर्डोच्या विजारीत नुसता ओढ्याचा चिखल."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकला. रविवारी लिंक्सवर खेळ नसतो. तेव्हा सगळं गाव तिथे फिरायला येतं, पोरं ग्रीनवर लोळतात, बाबागाड्या फिरतात. शेकडो वर्षांचा हक्क आहे तो.

"तुला माहीत होतं," फर्कर म्हणाला. "सोमवारी सकाळी, टेबलावर, बाबांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"भुकटी सोमवारी दुपारी सापडली. तोवर बाबांनी मर्डोला कामावरून काढलं होतं."

"पण तो महिनाभर इथे होता! महिनाभर, जेसी! तेव्हा का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललास?" ती शांतपणे म्हणाली. मग नजर वळवून पुढे बोलली, "बाबांनी एकाला घालवलंच होतं. मी तोंड उघडलं असतं तर दोघे गेले असते. म्हातारे आईबाप, माझं लग्न ठरत नव्हतं, आणि मर्डोचे पाय तसेही घरात टिकत नव्हते. मला वाटलं, चूल सांभाळणारा राहू दे. मी निवड केली, फर्कर. वाईट केली असेल. पण ती मोडून आता तू मला या वयात त्या पोरीसमोर उभी करू नकोस."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई रोज त्याला चहा देत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. फर्करला पहिल्यांदा आली ती चीड नव्हे, शरम. आणि शरमेच्या मागोमाग थोडं हलकंही वाटलं. त्या हलकं वाटण्याची त्याला आणखी शरम वाटली. सोमवारच्या त्या सकाळीही असंच झालं होतं.

त्याने पोतं परत गुंडाळलं आणि बगलेत मारलं.

"कपाटात ठेव ते," जेसी म्हणाली.

"चल," तो म्हणाला. "उशीर होतोय."

पाळणा म्हणजे चौदावं ग्रीन. दोन वाळूच्या टेकड्यांच्या मधल्या खोलगटात ते पडलेलं आहे, आणि वारा कुठूनही आला तरी तिथे पोचेपर्यंत मवाळ होतो. कुणी माणसाने ते आखलं नाही. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशाला तिथे बसायच्या, गवत कुरतडायच्या, आणि तीनशे वर्षांत ते असं झालं, हा गावाचा अभिमान. गावातल्या बाया आजही पहिल्या टीजवळच्या, जिथून पहिला फटका मारतात तिथल्या, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. चेंडू चादरीत अडकला तर खेळणाऱ्याने टोपी काढून मागायचा.

वाटेत लिनेट फर्करच्या बरोबरीने चालत होती. पेटी तिच्या कडेवर होती.

"तुमची कार्डं बाबांनी जपून ठेवली होती," ती म्हणाली. "दर नाताळचं एक. सगळ्यांत एकच ओळ."

"पाळणा बरा आहे," फर्कर म्हणाला.

"हो! आम्ही पोरं हसायचो. आम्हाला वाटायचं, कुणाच्या तरी घरी बाळ आहे आणि ते काही मोठंच होत नाही."

मर्डोही दर वर्षी एकच ओळ लिहायचा: पाळणा कसा आहे? बावन्न वर्षांत दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही. फर्करला प्रत्येक वेळी वाटायचं की हा आपल्याला संधी देतोय. आणि प्रत्येक वेळी तो लिहायचा, बरा आहे.

"तिकडे आमच्या घरापुढे छोटीशी हिरवळ होती," लिनेट सांगत राहिली. "आठवडाभर ती सुकली तरी बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत. पाणी घालायचं ते रविवारी. बादलीने. नळी असताना बादलीने! शेजारी विचारायचे, मर्डो, हे काय खूळ? तर म्हणायचे, माझ्या घरी रविवारी पाणी घालायला बंदी होती, आता कोण अडवतो बघू."

फर्करने काठी वाळूत रोवली आणि श्वास घ्यायला थांबला. पुढे चाललेल्या रोनाने वळून विचारलं, "बाबा, बरं आहे ना?" त्याने हात हलवला. जेसी मागून येत होती. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, समुद्राकडेही नाही.

पाळण्यापाशी विली टॅनॉक त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यासोबत बाकावर बसला होता. रोना पुटपुटली, "आता याला काय सांगायचं?" विली फर्करच्या वयाचा. गावात पान हललं तरी त्याला दिसतं, आणि त्याला दिसलं की गावाला कळतं. लिनेटला पाहून तो टोपी काढून उठला, पण गेला नाही.

"मर्डोची मुलगी ना? नाक अगदी त्याचं."

"तुम्ही बाबांना ओळखायचात?"

"एका बाकावर शिकलो आम्ही. धीराचा पोरगा. डोकं जरा गरम. त्या रविवारी मीच—" विलीने फर्करकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. ते वाक्य तिथे सगळ्यांना पाठ होतं. त्या रविवारी विलीनेच चर्चच्या दारात हेक्टरला सांगितलं होतं की तुमचा धाकटा रविवारचा पवित्र शब्बाथ मोडून पाळण्यावर बादल्या ओततोय.

रोना टेकडीच्या वाटेकडे वळली. "इकडून या. पायऱ्या आहेत."

"एक मिनिट," लिनेट म्हणाली. ती ग्रीनच्या कडेला उभी राहिली. तिने पेटी दोन्ही हातांत धरली, शाळेतल्या मुलीसारखी ताठ झाली. "मी इथेच बोलते. बाबांनी मला सांगितलं होतं ते असं: मी एकोणीस वर्षांचा असताना माझ्या हातून पाळणा जळला. मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. माझ्या वडिलांची मान खाली गेली, माझ्या भावाला जळलेलं सगळं उकरून नवं गवत लावावं लागलं. तर लिनेट, तू तिथे जाशील तेव्हा माझ्या वतीने फर्करची—"

"थांब, पोरी," फर्कर म्हणाला.

आवाज इतका बारीक आला की कुत्र्यानेच मान वर केली.

"फर्कर," जेसी म्हणाली.

"थांब. ते तुझ्या बापाने केलं नाही. मी केलं."

मग रोना घाईने म्हणाली, "बाबा, तुम्ही दमलाय. बसा बरं." आणि खालच्या आवाजात, "विली ऐकतोय."

"ऐकू दे. त्याने तर ऐकायलाच हवं." फर्करने काठीवर दोन्ही हात ठेवले. त्याला वाटलं होतं, सांगायला फार शब्द लागतील. फारच थोडे होते. "माझ्या बापाने बजावलं होतं, पाऊस पडल्याशिवाय सल्फेट खताच्या पोत्याला हात लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी समुद्रावर ढग आला. मला वाटलं, आला पाऊस. स्पर्धेआधी पाळणा हिरवागार करून दाखवू, बाप शाबासकी देईल. कधी द्यायचा नाही तो. अख्खं पोतं फेकलं. पाऊस आला नाही. रविवार उजाडला तो कडक ऊन घेऊन."

"मग पाणी द्यायचं," आयला म्हणाली. तिच्या तोंडून ते माळ्यासारखं निघालं. "लगेच पाणी दिलं असतं तर—"

"रविवार होता."

"म्हणून काय झालं?"

तिला हे कसं समजावणार? त्या घरात रविवारी शिट्टी वाजवायची नाही, बूट पुसायचे नाहीत, विहिरीचं पाणीसुद्धा शनिवारी भरून ठेवायचं. फर्कर बापाशेजारी चर्चच्या बाकावर बसला होता, आणि बाहेर ऊन चढत होतं, आणि आत्ता पाळण्याचं कोणतं टोक जळत असेल ते त्याला कळत होतं. "मी मर्डोच्या कानात सांगितलं," तो म्हणाला. "तो म्हणाला, ऊठ, दोघे जाऊ, ओढ्यावरून बादल्या आणू. मी म्हटलं, बाबा बघतील. म्हणाला, मग तू बस. आणि गेला."

"एकटे?" लिनेट म्हणाली.

"एकटा. लोकांनी त्याला बादलीसकट पाहिलं. बाबांनी जाऊन त्याच्या हातातल्या बादल्या काढून घेतल्या. सोमवारी सगळं पिवळं. रविवारी जो ग्रीनवर होता त्यानेच काहीतरी ओतलं, असं गावाने ठरवलं. बाबांनी टेबलावर विचारलं, हे कोणी केलं? मी लापशी खात होतो. मर्डोने माझ्याकडे पाहिलं. मी खात राहिलो."

तेवढंच. बाकी सगळं, स्पर्धा, नवं गवत, मुख्य माळ्याची जागा, क्लबमधला फोटो, त्या एका घासातून निघालं होतं.

"तुम्ही मला गोष्ट सांगितली होती," आयला म्हणाली. "पहिल्या दिवशी. पोत्यावर हात ठेवून. 'मर्डोसारखं करू नकोस.' मीसुद्धा नव्या पोरांना तेच सांगते. आजोबा, मी आज जेवताना यांच्यासमोर..."

"हो."

"हो काय?"

ज्या नातीला त्याने गवत वाचायला शिकवलं, ती त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकली आणि लिनेटच्या बाजूला जाऊन उभी राहिली. रोना हातातल्या किल्ल्यांकडे बघत होती. बाप असा उघडा पडलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि कुठे बघावं ते तिला सुचत नव्हतं.

"मलाही माहीत होतं," जेसी अचानक म्हणाली. "त्याच आठवड्यात कळलं. त्याला एकट्याला बोलू नका." ती येऊन भावाशेजारी उभी राहिली. शेडमध्ये विनवणारी ती हीच बाई. पण दोघांनी मिळून केलेल्या पापात एकाला पुढे करून आपण मागे राहायचं, हे तिने एकदा केलं होतं. दुसऱ्यांदा तिच्याने झालं नाही.

लिनेटने पेटी छातीशी घट्ट धरली. मग म्हणाली, "त्यांनी आम्हाला खोटं का सांगितलं? आम्ही त्यांची मुलं होतो. आम्हाला तरी."

"मला माहीत नाही," फर्कर म्हणाला. "विचारायची हिंमत झाली नाही."

"माझी आई चिडली की म्हणायची, जिथे जाल तिथे जाळाल तुम्ही. ते ऐकून घ्यायचे." तिचा आवाज फाटला. "मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही, काका. फक्त एक सांगा. त्यांनी पाणी घातलं ती जागा कोणती?"

फर्करला ती डोळे मिटून दाखवता आली असती. ग्रीनच्या वरच्या अंगाला, जेवणाच्या टेबलाएवढा एक तुकडा आहे. तिथलं गवत बारीक, करड्या झाकेचं, बाकीच्या ग्रीनहून निराळं. गाव त्याला जुना तुकडा म्हणतं आणि मानतं की नशिबाने तेवढ्यावर काही सांडलं नाही. पाळण्याचं तीनशे वर्षांचं मूळ गवत आता तेवढंच उरलंय.

"इथे तुम्ही कधी होल पाडू दिला नाहीत," आयला सावकाश म्हणाली. "माती मऊ आहे म्हणायचात."

"माती चांगली आहे. इथवर त्याचं पाणी पोचलं होतं. तेवढंच वाचलं."

त्याने पोतं उलगडलं. नळकांडं पाहून रोनाने तोंड उघडलं. सेक्रेटरी म्हणून काही बोलणार होती, पण मग तिने किल्ल्या खिशात टाकल्या आणि ती टेकडीची वाट सोडून खाली आली.

फर्कर गुडघ्यावर बसला. दांडे धरून त्याने जोर लावला. लोखंड अर्ध्यात अडलं. आयला नकळत पुढे झाली, तशी लिनेटने तिच्या दंडाला धरलं. "करू दे त्यांना," ती म्हणाली. त्याला दम लागला, दोनदा दांडा निसटला. शेवटी गोल माती अखंड वर आली. वर बोटभर गवत, खाली काळपट वाळू.

लिनेटने पेटी उघडली आणि मावेल तेवढी राख त्यात ओतली. बाकीची बंद करून ठेवली. तिकडच्या हिरवळीसाठी, म्हणाली. फर्करने मातीचा गोळा परत बसवला, तळहाताने दाबला, कडा बोटांनी मिटवल्या. कापलेल्या गवताला लगेच पाणी लागतं. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

शेजारीच पंधराव्याच्या टीपाशी चेंडू धुवायची बादली असते. ती त्याने रिकामी केली आणि ओढ्याकडे चालायला लागला. ओढा शंभर पावलांवर आहे. तोवर चर्चची दुपारची प्रार्थना सुटली होती आणि माणसं घराकडे जाताना लिंक्सवरून येत होती. काळे कोट, हातात पुस्तकं. दोघं-तिघं थांबली.

"फर्कर," विली बाकावरून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता, काळजी होती. "अरे, आज रविवार आहे. लोक बघतायत."

"तेव्हाही रविवारच होता, विली. तेव्हा तू अर्धंच पाहिलंस. आता पुरतं बघ."

तो परतला तेव्हा अर्धं पाणी बुटांवर सांडलं होतं. उरलेलं त्याने वाकून हळूहळू जुन्या तुकड्यावर ओतलं. वाळूची जमीन, तिने ते क्षणात पिऊन टाकलं. फर्करने मान वर करून लिनेटकडे पाहिलं.

"पुरे?" त्याने विचारलं.

"बाबांनी किती आणल्या होत्या?"

त्याला वाटलं होतं, लाजेचा तळ लागला. अजून एक पायरी शिल्लक होती.

"सतरा," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर चर्चमध्ये होता."

"पोट दुखतंय सांगून मी मधूनच घरी आलो होतो. माडीच्या खिडकीतून ओढा दिसतो. पडद्याआड उभा होतो मी." त्याने बादलीच्या कडीवरची पकड बदलली. "मोजत होतो."

लिनेटने जमिनीवरच्या त्या ओल्या जागेकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज स्थिर होता.

"मग सोळा राहिल्या," ती म्हणाली.

फर्कर बादली घेऊन ओढ्याकडे वळला. मर्डोला तेव्हा बापाने अडवलं होतं. फर्करला कुणी अडवलं नाही.